पंधरा मिनिटं

शाळेनं बस मोडीत काढली तेव्हा
तळोज्याचा भंगारवाला किलोनं बोलत होता.
ह्यांनी मध्येच हात वर केला,
उत्तर येत असलेल्या पोरासारखा.

एकोणीस वर्षं चालवली होती ती.
घणसोली ते कोपरखैरणे, कोपरखैरणे ते घणसोली.
मी मागच्या दाराशी,
चढताना मोजायची, उतरताना मोजायची.
नातवानं मीटरवरचा आकडा भागून सांगितलं,
आजी, पृथ्वीला चार फेऱ्या झाल्यात तुमच्या.
आणि आम्ही बसनं लांब गेलो ते एकदाच, कर्नाळ्याला,
शाळेची सहल.
तेव्हाही मी डबे मोजले, उलट्या मोजल्या.

आता नेपाळ.
का नेपाळ, तर हे म्हणतात, रस्त्यानं जाता येतं.

कळंबोलीला रसूलमिस्त्रीनं सीटा उपटल्या.
पत्र्यात भोकं राहिली, त्यातून खालची खडी दिसायची.
दोन सीटा ठेवल्या.
म्हटलं, माझी पुढे लावा आता, तुमच्या शेजारी.
हे म्हणाले, मग दार कोण बघणार?
पांढऱ्याचे दोन हात दिले
तरी खालचा पिवळा डोकावतोच,
हळद उतरली नाही अजून म्हातारीची.

पहिलीतल्या पोरांची दप्तरं राहायची
तिथं पाण्याची टाकी बसली.
पाच किलोचा सिलिंडर, फोमची गादी, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा.
संडासाचं काय, यावर तीन दिवस अबोला.
सुकट न्यायची का, यावर सून बोलली:
फोममध्ये वास गेला की जन्मात निघत नाही, आई.
जवळा दोन डब्यांत, डबे पिशवीत, पिशवी टाकीमागे.
हिला सांगायचं नाही.

पासपोर्ट नको म्हणे, मतदानाचं कार्ड चालतं.
कार्डावरचा माझा फोटो पाहून
सोडतील की धरतील, सांगता येत नाही.
गाडीचं मात्र भन्सार भरायचं, दिवसाच्या हिशेबानं.
भन्सार.
वाण्याकडची पुडी वाटते. मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

ह्यांना घाट नाही छळत, डोंगर नाही,
छळतं ते घड्याळ.
तिथलं पंधरा मिनिटं पुढे असतं.
जन्मभर पंधरा मिनिटं उशीर झाला की आयांचे फोन,
लवकर गेलं तरी फोन.
आता हद्दीवर उभ्याउभ्या पंधरा मिनिटं जाणार
आणि फोन कुणाचाच नाही.
रात्री उठून बसतात, मनगटाकडे बघतात.

निघायच्या आधी एक रात्र झोपून बघू, म्हटलं.
सेक्टर पंधराच्या मैदानाकडेला बस लावली.
खाडीकडून डास आले, डासांमागून वॉचमन.
काचेवर काठी: काका, इधर नहीं सोने का.
मी पडदा सारून सांगितलं, नेपाळला चाललोय,
ही त्याची तालीम.

काठी खाली आली.
लोकबहादुर. बुटवलच्या वर, पाल्पाचा.
अकरा वर्षं झाली, म्हणाला, गेलो नाही.
मग बसमध्ये डोकावून पाहत राहिला.
गॅस पाहिला, गादी पाहिली,
वेल्डिंगनं बुजवलेल्या भोकांच्या रांगा पाहिल्या.
सीट किती, विचारलं.
दोनच, मी म्हटलं,
आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.
तो हसला. चांगलं आहे, म्हणाला.
आईचा पत्ता देतो, कधी वाटेत लागलाच तर.
दिला नाही. गेटवर हॉर्न वाजला, धावत गेला.

सकाळी हे न बोलता कळंबोलीला.
रसूलमिस्त्रीच्या ढिगातून एक सीट काढून आणली,
आमच्याच बसची, पाठीवर कर्कटकनं कोरलेलं
कुणातरी निनादचं नाव.
सामान ठेवायला, म्हणाले.
बोल्ट पक्के मारू का, मिस्त्रीनं विचारलं.
मी बोलायच्या आत हे म्हणाले, मार.

आज रात्री विचारायचं आहे गेटवर.
रजा मिळेल की नाही, माहीत नाही.
तोवर मी दाराशी बसून बघते, सवयीनं:
एक. दोन.